उघाडी कोणाची

आमच्या गावात मासळीची बोली रुपयांत होत नसे. ती मातीत होत असे.

खाडी आणि भातशेती यांच्यामध्ये मातीचा एक लांब बांध होता. तो पहिल्यांदा कुणी घातला हे गावात कुणालाच ठाऊक नव्हतं. बांधाला एका जागी दार होतं, त्याला आम्ही उघाडी म्हणायचो. ओहोटीला ते उघडून शेतातलं पावसाचं पाणी खाडीत सोडायचं आणि भरतीला बंद करून खारं पाणी बाहेर ठेवायचं. पाणी जिथून ये-जा करतं तिथे मासळी आपोआप येते. कोळंबी, बोय, चिंबोऱ्या आणि नशीब असेल तर जिताडा. म्हणून उघाडीच्या तोंडावर जाळं लावण्याचा हक्क हा आमच्याकडे सगळ्यांत मोठा हक्क होता.

तो हक्क गुढीपाडव्याच्या आदल्या दिवशी, अमावास्येच्या उधाणाला, बांधावर उभं राहून ठरायचा. पाणी काठोकाठ चढलेलं असे, त्यामुळे बांध कुठे खचलाय, खेकड्यांनी कुठे पोखरलाय, हे सगळ्यांच्या डोळ्यांसमोर असे. गावचे थोरले पंच होते, त्यांना सगळेच नाना म्हणत. नाना विचारत, "बोला, किती वाव?" दोन्ही हात आडवे पसरले की या बोटापासून त्या बोटापर्यंत एक वाव. जे घर सगळ्यांत जास्त वाव बांध नव्या चिखलाने भरून, चोपून उंच करायचं कबूल करी, त्या घराला वर्षभराची मासळी. मग कुणाच्या हातांनी मोजायचं यावर भांडण. बोली घेणाऱ्याला मोजायला बुटका माणूस हवा असे, गावाला उंच.

मासळीबरोबर दाराची जबाबदारीही त्याच घराची. भात उभं असताना त्याच्या चुकीने खारं पाणी आत आलं, तर त्याने खाडीच्या पाण्यात भात शिजवून पंचांपुढे बसून खायचा. दंड एवढाच. पण तो भात खाल्लेल्या माणसाला पुढे कित्येक वर्षं लग्नाच्या पंगतीत विचारत, "मीठ वाढू का?"

माझे वडील मी आठवीत असताना तापाने गेले. आमचं शेत उघाडीला अगदी लागून, सगळ्यांत सखल. बांध फुटला की पहिलं आमचं जायचं. मी उरणच्या शाळेतून मॅट्रिक झाले त्या वर्षी आईने बोली लावली. बायका बांधावर चिखलाची घमेली वाहत, पण बोली लावत नसत. आई म्हणाली, "पंधरा वाव."

पुरुष हसले. एकाने विचारलं, "वहिनी, वाव म्हंजे काय म्हायती हाय का?"

आईने हात पसरले. "ये, मोज. तुझ्या बायकोन आन् मी गेल्या साली किती वायली ते पन मोज."

नाना म्हणाले, "हात हिचे मोजायचे नाय, आखूड हायेत. पन बोली हिची."

दोन्ही मामा मदतीला आले. आई, मी आणि ते, आम्ही पावसाच्या तोंडापर्यंत चिखल वाहिला. त्या आणि पुढच्या काही वर्षांची मासळी आई मोरा बंदरातून लाँचने मुंबईला नेऊन विकायची. त्या मासळीवर आणि सरकारने दिलेल्या फीमाफीवर मी पनवेलच्या कॉलेजात शिकले आणि गावातली पहिली ग्रॅज्युएट झाले. दोघांचेही उपकार मी कधी विसरले नाही. म्हणूनच पुढे जे झालं ते मला फार लागलं. त्या भांडणात एका बाजूला सरकार होतं आणि दुसऱ्या बाजूला उघाडी.

मी जवळच्या हायस्कुलात शिक्षिका म्हणून लागले, त्याच सुमारास बांध सरकारी खात्याच्या ताब्यात गेला. खात्याने सिमेंटची पक्की उघाडी बांधली. लाकडी दार काढून लोखंडी बसवलं, त्याला वर उचलायचं चाक आणि चाकाला कुलूप. आम्ही खूश झालो. नारळ फोडला. किल्ली खात्याच्या साहेबांच्या खिशात गेली तेव्हा कुणी काही बोललं नाही. साहेब माणूस नीट होता, बोलायलाही मऊ.

मग खात्याने मासळीचा लिलाव जाहीर केला. साहेबांनी शाळेच्या पडवीत टेबल मांडलं. गावाबरोबर एक बाहेरचा ठेकेदारही आला होता. तो म्हावऱ्याचा मोठा व्यापारी, त्याच्या ट्रकवर लाल फिती. साहेब म्हणाले, "बोला."

आमच्यातला एक जण लगेच ओरडला, "अठरा वाव!"

ठेकेदाराने रुपयांचा आकडा सांगितला.

सगळं गाव त्याच्याकडे बघून हसलं. ह्याला बोली लावतासुद्धा येत नाही! चिखलाचं नावच नाही. दुसरा कुणीतरी "वीस वाव!" म्हणाला. ठेकेदाराने आकडा वाढवला. आमची माणसं पुन्हा हसली. कारकुनाने तीनदा टेबल ठोकलं, आणि वीस वाववाला घरी जाऊन बायकोला म्हणाला, जाळं काढ. त्याच्या अंगणात आम्ही चहा प्यायलो. दुसऱ्या दिवशी ठेकेदाराची माणसं उघाडीवर जाळं लावताना दिसली, तेव्हा कुठे कळलं की आम्ही हरलो आहोत. मीही त्या चहाला होते. बी.ए. झालेली.

लिलावाबरोबर साहेबांनी किल्ली ठेकेदाराला वापरायला दिली होती. त्याला भाताशी काय घेणं? भर पावसात, लावणी झालेली असताना, तो भरतीला दार वर ठेवायचा. जितकं खाडीचं पाणी आत, तितकी कोळंबी आत. ओहोटीला ती परत निघाली की तोंडावर त्याचं जाळं तयार. आमच्या शेतातलं भात पहिल्यांदा टोकांना पिवळं पडलं, मग तांबूस झालं, मग बसलं. आई चिखलात बोट बुडवून चाखायची आणि थुंकायची.

बायका ठेकेदाराच्या झोपडीवर गेल्या. तो म्हणाला, "मावशी, मी पैसे भरलेत. साहेबांना विचारा."

आई म्हणाली, "मावशी बोलतोस, तर मावशीचं भात कशाला जालतोस?"

"पुढच्या वर्षी तुम्हीच घ्या ना लिलाव."

"तुझ्या पैशाला आमचे पैसे कुठं पुरतील? आमच्याकडं हात हायेत."

तो हसला. "हातांना कोण विचारतं आता? शहर येतंय इथं."

शहर येतच होतं. जमिनी घेण्याच्या नोटिसा गावात लागून बरेच दिवस झाले होते. काही जण म्हणत, जाणारच आहे जमीन, मग खारी काय आणि गोडी काय. नाना त्यांच्यावर चिडायचे. "उद्या पोरीचं लगीन हाय म्हनून आज तिला उपाशी ठेवता का र?" आणि त्यात व्यवहारही होता. जमीन खारी झाली की ती पडीक ठरते, आणि पडीक जमिनीच्या मालकाचं म्हणणं कुणी ऐकत नाही. आम्हाला पिकत्या शेतात उभं राहून भांडायचं होतं.

साहेब पाहणीला आले, तेव्हा बायकांनी बांधावरच चूल मांडली. खाडीच्या पाण्यात भात शिजवला आणि केळीच्या पानावर साहेबांपुढे आणि ठेकेदारापुढे वाढला. ठेकेदार उठून गेला. साहेबांना ही रीत ठाऊक नव्हती. मी त्यांना समजावून सांगितली. त्यांनी एक घास खाल्ला. गिळलासुद्धा. डोळ्यांत पाणी आलं त्यांच्या. मला त्या क्षणी त्यांच्याबद्दल आदर वाटला, आणि तो अजूनही आहे.

पाणी पिऊन ते म्हणाले, "तुम्ही अर्ज द्या. मी वर पाठवतो."

आई म्हणाली, "सायेब, तुमी घास गिळलात. आता वर कोनाला खायला पाठवनार?"

अर्ज मी लिहिले. एक नाही, पुष्कळ. दोन पावसाळे आमच्या शेतात काही आलं नाही. आई शेजारच्या गावात दुसऱ्यांच्या लावणीला मजुरीने जायची आणि मी पगार घरी आणायची. मजुरीचं भात ती वेगळ्या कणगीत ठेवायची आणि त्यातलं खायची नाही.

मग एके दिवशी साहेब स्वतः आनंदाने सांगायला आले. आता नवीन धोरण आलं आहे, बांध आणि उघाडी स्थानिक समितीच्या हातात द्यायची आहे, गावाने गावाचं बघायचं. लोकांनी ढोल वाजवला. नानांनी साहेबांना शाल घातली. संध्याकाळी शाळेत सभा झाली आणि साहेबांनी नियमांचा कागद माझ्या हातात दिला. "बाई, तुम्हीच वाचा. तुम्ही वाचलंत की लोकांना विश्वास वाटेल."

मी वाचलं. समितीचे अध्यक्ष खात्याचे साहेब. सभासद गावातले, पण निवडणार अध्यक्ष. बांधाची दुरुस्ती गावाने श्रमदानाने करायची. मासळीचा लिलाव पूर्वीप्रमाणे खात्यातर्फे. दाराची किल्ली अध्यक्षांकडे.

नानांनी डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली.

"परत वाच गो बाय," ते म्हणाले.

मी परत वाचलं.

"म्हंजे चिखल आमचा," नाना म्हणाले, "आन् मासली त्यांची. आन् दार पन त्यांचं. मंग आमच्या हातात दिलं ते काय?"

मागून कुणीतरी म्हणालं, "घमेलं!"

हशा पिकला. साहेबही हसले, पण त्यांचे कान लाल झाले. ते म्हणाले, "ही सुरुवात आहे. आधी समिती तर होऊ द्या. हळूहळू अधिकार वाढतील. हिशेब ठेवायची, नियम पाळायची सवय लागायला हवी ना?"

"आमाला सवय नाय?" नाना म्हणाले. "सायेब, तुमचं खातं नव्हतं तवा बी बांध व्हता."

साहेब माझ्याकडे वळले. "बाई, तुम्ही शिकलेल्या आहात. तुम्ही समजावा यांना. समितीची सचिव मी तुम्हालाच करतो. पहिली महिला सचिव, जिल्ह्यात बोलबाला होईल."

मला मोह झाला नाही असं कसं म्हणू? सरकारनेच मला शिकवलं होतं, आणि आता तेच सरकार मला टेबलामागे खुर्ची देत होतं. शेजारची काकू कानात कुजबुजली, "घे गो, आपली एक तरी आत जाल." आईकडे बघितलं. ती पायाच्या अंगठ्याचं नख निरखत बसली होती.

मी उभी राहिले. "साहेब, सचिव व्हायला मी तयार आहे. पण मला गावाने नेमलं तर. आणि अध्यक्षही गावाने नेमला तर. तुम्ही नेमलेली सचिव तुमची कारकून होईल. कारकून तुमच्याकडे आहेत."

साहेब कागदाची घडी घालत म्हणाले, "मग समिती होणार नाही. आणि समिती नाही तर कुलूप तसंच राहील. कुलपाला हात लावलात तर सरकारी मालमत्तेची केस होईल, हे आधीच सांगतो."

"कोन लावतो हात तुमच्या कुलपाला?" आई तेव्हा पहिल्यांदा बोलली. "ठेवा तुमचं दार तुमच्याकडं."

सभा मोडली. बाहेर अंगणात नानांनी तिला विचारलं, "बोललीस खरी, आता करतीस काय?"

आईने जे सांगितलं ते ऐकून आधी सगळे हसले आणि मग नीट ऐकायला लागले. सरकारी उघाडीतून पाणी आत येतं ते आमच्याच शेतात. आमच्या शेतातच एक आडवा बांध घालायचा आणि त्याला जुन्यासारखं लाकडी दार बसवायचं. लोखंडी दार उघडं राहिलं तरी खारं पाणी आमच्या शेताच्या पहिल्या पट्टीत येऊन थांबेल, पुढे गावाच्या शेतांत जाणार नाही. सरकारी दार फोडायचं नाही, सरकारी जमिनीला शिवायचं नाही. आपल्या शेतात आपलं दार लावायला कुणाची परवानगी लागते?

"पन तुझी पट्टी बुडल," नाना म्हणाले. "कायमची."

"बुडल," आई म्हणाली. "अशी बी बुडलीच हाय. पन बाकीची वर येल."

"बदल्यात काय मागतीस?"

"ह्या दाराची बोली माझी पोरगी बोलावनार. आन् बायका बोली लावनार. फक्त घमेली वायला नाय येनार आमी."

यावर मात्र पुरुषांत साहेबांशी झाला नव्हता इतका वाद झाला. खात्याने आपल्याला खुर्ची दिली नाही म्हणून रागावलेली माणसंच आपल्या बायकांना खुर्ची द्यायला कचरत होती. मी हे त्यांना तोंडावर म्हणाले. एकाने ऐकवलं, "कालेजात हेच शिकलीस का?" मी म्हटलं, "नाही काका, हे बांधावर शिकले." शेवटी नाना म्हणाले की जमीन तिची आहे, तिने नको म्हटलं तर सगळेच बुडू. तेव्हा वाद थांबला. मन कुणाचं वळलं होतं असं मला वाटत नाही, पण हात वळले.

पाडव्याच्या आदल्या दिवशी मी आमच्या शेतात उभी राहून विचारलं, "बोला, किती वाव?" आतला बांध त्या उन्हाळ्यात उभा राहिला. जुन्या उघाडीच्या सागवानी फळ्या नानांनी गोठ्यात जपून ठेवल्या होत्या, त्याच बसवल्या. पावसाळा आला, ठेकेदाराने नेहमीसारखं दार वर केलं. खाडीचं पाणी आत घुसलं आणि आमच्या पट्टीत येऊन फळ्यांना धडकून थांबलं. बांधावर सगळं गाव उभं होतं. पलीकडे राबातली रोपं हिरवी होती.

पाण्याबरोबर मासळीही आली आणि तीही आमच्या पट्टीत थांबली. भरती थांबली की ओहोटी लागण्याआधी बोली जिंकलेल्या घरची माणसं त्या पट्टीत जाळं फिरवायची. ठेकेदाराला तोंडावरच्या जाळ्यात शेवाळ मिळायचं. तो भांडायला आला तर आई म्हणायची, "माझ्या शेतात मी काय बी धरीन, चिंबोरी धरीन न्हाय तर तुजा कान धरीन." रागाने दार बंद ठेवावं तर त्याचीच मासळी बंद. पुढच्या लिलावाला तो आला नाही, आणि दुसराही कुणी आला नाही. मग खात्याने लोखंडी दार वर उचललेलं तसंच सोडून दिलं.

त्या वर्षी आम्ही भात काढलं आणि त्यानंतरही काही वर्षं काढलं. पुढे जमिनी शहरात गेल्याच, आता तिथे इमारती आहेत, आणि मी त्यातल्याच एका सोसायटीत राहते. पण जमीन गेली तेव्हा ती पिकत होती आणि तिचे मालक एकत्र होते. मोबदल्याच्या प्रत्येक बैठकीला आम्ही एकत्र गेलो आणि पडीक हा शब्द कुणी आमच्यासमोर काढू शकला नाही.

साहेब पुन्हा आले तो दिवस मात्र सांगायलाच हवा. पहिल्या हंगामानंतरची गोष्ट. आमच्या अंगणात पंच बसले होते आणि प्रचंड भांडण चाललं होतं. आईचं म्हणणं, पट्टी माझी बुडाली, तर तिथली मासळी माझी. बोली जिंकलेल्या घराचं म्हणणं, आम्ही बांध भरला, मासळी आमची. नाना दोघांवर ओरडत होते. बोली मी बोलावली होती म्हणून निवाडा माझ्याकडे होता आणि आई माझ्याकडे अशी बघत होती की मी शाळेतल्या मुलांसारखी खाली बघत होते. मी सांगितलं, मासळी बोलीवाल्याची, पण बुडालेल्या पट्टीत जेवढं भात झालं असतं तेवढं त्याने दर वर्षी आईच्या कणगीत आणून टाकायचं. दोन्ही बाजू माझ्यावरच तुटून पडल्या.

तेवढ्यात फाटकातून साहेब आत आले. त्यांनी थोडा वेळ ऐकलं आणि समजुतीच्या सुरात म्हणाले, "बघा, म्हणूनच मी म्हणत होतो. तुमच्यात वाद होणार. खात्याचा माणूस अध्यक्ष असता तर दोन मिनिटांत मिटलं असतं."

सगळं अंगण एकदम त्यांच्याकडे वळलं. आई आणि बोलीवाला, दोघंही.

"आमी भांडताव," बोलीवाला म्हणाला, "तुमाला कोनी बोलावलं?"

नाना म्हणाले, "सायेब, मिटवायला नाय बसलाव आमी. ठरवायला बसलाव."

आईने साहेबांसाठी आंब्याखाली खाट टाकली, पाण्याचा तांब्या नेऊन ठेवला आणि म्हणाली, "बसा सावलीत. आमचं आटपलं की च्या ठेवते." मग पदर खोचून ती परत आली आणि माझ्यासमोर उभी राहिली. "हां, बोल. पट्टीत भात किती झालं असतं, ते कोन ठरवनार?"